लाल चिंधीचा डबा

‘लगेच बंद करू नकोस. दम घेऊ दे तिला.’

बाबांचा हा आवाज मी पहिल्यांदा कधी ऐकला ते सांगता येणार नाही. मागच्या सीटवर बसले की माझे पाय खाली टेकत नव्हते, तेव्हाचा आहे एवढं खरं. गाडी घरासमोर येऊन उभी राहायची. किल्ली फिरवून इंजिन बंद करायचा मान दादाचा, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा. तो शेजारच्या सीटवरून हात लांब करायचा आणि बाबा तो हात आपल्या हाताखाली झाकून ठेवायचे. आईच्या मांडीवर भाजीची पिशवी, समोर आमचं दार, दाराला कुलूप, आणि आम्ही चौघं आत बसून. इंजिन हलकं हलकं घुरघुरत असायचं. बाबा घड्याळाकडे बघत नसत. ते ओठातल्या ओठात दोन ओळी म्हणायचे, ऑइल ओतताना म्हणायच्या, त्यांनीच जुळवलेल्या:

बारीक धार, बाई, बारीक धार,
तापल्या लोखंडाला तेलाचा आधार.

सात वेळा म्हटल्या की मिनिट भरायचं. मग ते हात उचलायचे.

कारण ती साधी गाडी नव्हती, टर्बोची होती. टर्बो म्हणजे इंजिनाच्या कुशीला बसवलेला मुठीएवढा पंखा. इंजिनाचाच तापलेला धूर त्याला फिरवतो आणि तो फिरून इंजिनाला जास्तीची हवा भरवतो. एवढ्या वेगानं फिरतो, पण त्याचा दांडा लोखंडाला टेकत नाही. केसाहून पातळ अशा तेलाच्या थरावर तरंगत असतो. पळून आलेली गाडी एकदम बंद केली की तेल यायचं थांबतं, पंखा मात्र अजून लालबुंद असतो, आणि दांड्यापाशी उरलेलं तेल तिथंच करपून त्याचा कोळसा होतो. म्हणून ते एक मिनिट. बाबा म्हणायचे, धावून आलेल्या माणसाला कुणी दारातच झोपवतं का?

त्या मिनिटात उतरायचं नाही आणि करायलाही काही नाही, म्हणून आमच्या घरातलं मोठं मोठं सगळं तिथंच बोललं गेलं. गणितात नापास झाल्याचं दादानं तिथं सांगितलं. आईनं आपल्या छातीतल्या गाठीचं तिथं सांगितलं, पिशवी मांडीवर तशीच ठेवून. शिवणाच्या वर्गाला मी जात नाही, रोज बाबांच्या गॅरेजातच असते, हे मी तिथंच कबूल केलं. त्या दिवशी बाबांनी ओळी आठव्यांदा म्हटल्या. विचार करायला त्यांना तेवढा एक श्वास जास्त लागला.

एकच गोष्ट मी तिथं कधी बोलले नाही. इतरत्र कुठं बोलायचा तर प्रश्नच नव्हता.

गाडीला मावशी हे नाव आईनं दिलेलं. आली की आधी तिला बसू द्यावं लागतं, तिचं पथ्य सांभाळावं लागतं, आणि चढाला लागली की शीळ घालते. हुबेहूब माझी बहीण आहे, असं ती म्हणायची. खरी मावशी आली की सगळ्यांना हसू आवरत नसे. शीळ टर्बोची होती. वळणावर ती ऐकू आली की आई चहाचं पाणी ठेवायची, आणि पाणी उकळेपर्यंत मावशीचं मिनिट भरलेलं असायचं.

बाबा गेले त्याला आता आठ महिने झाले. शेवटच्या आठवड्यात त्यांना बोलायला दम पुरत नव्हता. तरी मला जवळ बोलावून म्हणाले, मावशी मोठ्याला दे. मग बराच वेळ डोळे मिटून पडून राहिले. मला वाटलं झोपले. तर म्हणाले, ऑइल बदलून दे, तुझ्या हातानं.

घर सोडल्यापासून तेवीस वर्षांत दादा दोनदाच घरी आला होता, आई गेली तेव्हा आणि बाबा गेले तेव्हा. दोन्ही वेळा घर माणसांनी भरलेलं आणि तो पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसलेला. आता मावशीला न्यायला तिसऱ्यांदा येणार होता. सकाळच्या बसनं यायचं आणि दुपारी गाडी घेऊन निघायचं, असा त्याचा बेत. मी मनात हिशोब केला. आई नाही, बाबा नाहीत, आणि मावशीही एकदा फाटकाबाहेर गेली की मग त्याला इथं येण्याचं कारणच उरणार नाही. सांगायचं असेल तर त्याच दिवशी सांगायचं. आणि सांगितल्यावर तर तो नक्कीच येणार नाही, असं दुसरं मन म्हणत होतं.

आदल्या आठवड्यात मी वहिनीला फोन केला. तुमच्याकडे पहाटे गार किती असतं, एवढंच विचारायचं होतं. ती म्हणाली, नणंदेनं आठ महिन्यांनी फोन केला तो हवामान विचारायला. मी म्हटलं, ऑइल निवडायचंय, थंड सकाळी टर्बोपर्यंत ते किती लवकर पोचतं ते बघावं लागतं. मग तिनं नीट सांगितलं, की थंडीत गाडीच्या काचेवर पांढरा थर धरतो आणि दादा तो जुन्या बँकेच्या कार्डानं खरवडत बसतो. ते ऐकून माझ्या डोळ्यांसमोर एक रस्ता आला जो मी कधी पाहिलेला नाही, आणि त्या रस्त्यावर दादा, तोंडातून वाफ काढत, काच खरवडताना. त्याच्या सकाळी मला एवढ्याच ठाऊक, फोनवरून ऐकलेल्या.

मग वहिनी म्हणाली, एक गंमत सांगते. गेल्या वर्षी त्यांनी बॅटरीची गाडी घेतली. तिला इंजिनच नाही. तरी दादा इमारतीखाली गाडी लावतो आणि एक मिनिट तसाच बसून राहतो. ती शेजारी, पिशव्या मांडीवर. खालच्या मजल्यावरचे लोक समजतात यांचं भांडण चाललंय.

मी हसले. तीही हसली. फोन ठेवल्यावर मात्र मी पाना परत खुंटीला लावला.

दादा आला तेव्हा मी मावशीचं बॉनेट उघडून उभी होते. कानांजवळचे केस पांढरे झालेले, नखं स्वच्छ, आणि हातात एक चंदेरी डबा, तान्ह्या मुलाला धरावं तसा छातीशी.

‘ठिणगे,’ तो म्हणाला.

हे नाव बाबांनी ठेवलेलं, वेल्डिंग बघायला मी सारखी पुढं पुढं करायची म्हणून. दादा त्यावरून चिडवायचा, डिझेलच्या गॅरेजात ठिणगीचं काय काम, डिझेल तर दाबूनच पेटतं. तो गेल्यावर बाबाही मला नुसतं ‘अगं’ म्हणायला लागले. गिऱ्हाइकं ताई म्हणतात. तेवीस वर्षांनी ते नाव ऐकलं आणि मला वाटलं, कुणीतरी बंद खोलीची खिडकी ढकलली.

समोरचे टायरवाले काका रस्ता ओलांडून आले. त्यांनी दादाला वर-खाली पाहिलं. खुंटीवर बाबांची निळी डांगरी अजून होती. दादानं ती काढून अंगात चढवली आणि पोटावरचं बटण लागेना.

‘साहेब, श्वास सोडू नका,’ काका म्हणाले. ‘बटण माझ्या डोळ्यात यायचं.’

‘तुमचा चष्मा जाड आहे काका, बटणच फुटेल,’ दादा म्हणाला, आणि तिघंही हसलो. काकांचं हसू आधी थांबलं. ते डांगरीकडे बघत राहिले, मग म्हणाले, नेतोस तर ने बाबा, पण वळणावर शीळ ऐकू आली नाही की मला दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नाही. आणि आपल्या टायरांकडे परत गेले.

दादानं आणलेला ऑइलचा डबा मी हातात घेतला, त्यावरचे आकडे वाचले, आणि फळीवर ठेवून दिला.

‘दुकानातलं सगळ्यांत महाग आहे गं.’

‘म्हणूनच मावशीला चालणार नाही.’

तो पंपांच्या कारखान्यात खरेदी बघतो. महाग ते चांगलं, हे त्याच्या कामाचं शहाणपण. मी त्याला समजावलं. डब्यावरचा पहिला आकडा थंड इंजिनाचा, तो जितका लहान तितकं तेल गारठ्यात झटकन धावतं. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनाचा. तो लहान असला तर तेल तापल्यावर पाण्यासारखं पातळ होतं. त्याचं होतं शून्य-वीस. आजच्या गाड्यांच्या फटी घट्ट, त्यांना ते पुरतं. मावशीला अडतीस वर्षं झाली, आतली प्रत्येक फट झिजून सैल झालीय, तिथं एवढं पातळ तेल टिकणार नाही. टर्बोचा दांडा घाटात लोखंडाला लागेल. बाबा शेवटी शेवटी तिला पंधरा-चाळीस घालायचे, इथल्या हवेला ते ठीक. पण तुमच्याकडे काचेवर पांढरा थर धरतो. अशा सकाळी ते मधासारखं घट्ट होऊन बसेल आणि टर्बो तोवर कोरडाच फिरेल. म्हणून मी पाच-चाळीस आणलंय, पूर्ण सिंथेटिक, डिझेल टर्बोसाठीचं. ते गारठ्यातही पळेल आणि तापल्यावरही टिकेल.

दादा ऐकत होता. म्हणाला, ‘काचेवर थर धरतो हे तुला कुणी सांगितलं?’

‘वहिनीला विचारलं.’

 चंदेरी डबा दादानं एका पिशवीत घातला आणि पिशवीची गाठ दोनदा मारली.

इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट केलं. गार तेल आतला मळ आतच ठेवून येतं, कोमट तेल सगळं बरोबर घेऊन येतं. मग जॅक लावून गाडी उचलली, खाली आधाराच्या लोखंडी घोड्या सारल्या. मी खाली शिरायला लागले तर दादानं मला बाजूला केलं. त्यानं पाठीखाली पुठ्ठा घेतला आणि सरपटत आत गेला, आणि आतून त्याचा आवाज आला, चौदाचा दे. मी पाना त्याच्या पसरलेल्या तळहातावर ठेवला. हे आम्ही किती वेळा केलं असेल. फक्त तेव्हा तो हात काळा असायचा.

तेलाच्या चेंबरचा नट सुटला आणि तेलाची धार परातीत पडू लागली. डिझेल गाडीतलं तेल दोन दिवसांतच काळं होतं, रंगावरून त्याचं काही कळत नाही. दादानं थेंब दोन बोटांत घेऊन चोळला, नाकापाशी नेला. बाबांनी आम्हाला असंच शिकवलं होतं: डोळ्यांना विचारू नका, बोटांना विचारा. मग त्यानं नटाच्या टोकाचं चुंबक अंगठ्यानं पुसलं. राखेसारखी मऊ भुकटी होती, लोखंडाचा कीस नव्हता. ‘मावशीची हाडं शाबूत आहेत,’ तो गाडीखालून म्हणाला. नव्या तांब्याच्या वॉशरवर त्यानं नट आवळला, आणि जिथं थांबायचं तिथं त्याचं मनगट आपोआप थांबलं. तेवीस वर्षं कागदांवर सह्या करून मनगट ते विसरलं नव्हतं. सगळ्यांत चांगले हात त्याचेच होते. माझे हात शिकलेले आहेत. त्याचे जन्मापासून तसेच होते.

बाहेर येऊन तो भिंतीकडे बघत हात पुसू लागला. म्हणाला, बरं झालं गॅरेज तुझ्याकडे राहिलं. ऑफिसात सगळ्यांना सांगतो, माझी बहीण चालवते. माझ्या अंगात थांबायचा गुण नाही, मी काही चालवलं नसतं.

मी नव्या फिल्टरमध्ये तेल ओतत होते. फिल्टर कोरडा बसवायचा नाही, नाहीतर तो भरेपर्यंत टर्बो उपाशी राहतो. रबराच्या कडीला बोटानं तेल लावलं, हातानंच फिरवून बसवला. माझं लक्ष कामात आहे असं त्याला वाटलं असेल.

‘आणि लाल चिंधी कुठंय?’ दादा फळीवरचे डबे बघत म्हणाला.

फळीवर डबे होते, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात बाबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, साधं, टर्बो, गिअर.

‘चिंध्या बंद केल्या बाबांनी. रंगानं लिहिलं.’

‘का?’

‘काय माहीत,’ मी म्हणाले.

माहीत होतं.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. फळीवर दोन डबे असायचे, तोटीचे, एकाच मापाचे, पोचेही सारखेच. एकात पिंपातलं साधं ऑइल, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांसाठी. त्याच्या कडीला पांढरी चिंधी. दुसऱ्यात मावशीचं टर्बोचं ऑइल, सीलबंद डब्यातून काढून ठेवलेलं, त्याला लाल. त्या काळी आमच्याकडे टर्बोची गाडी एकच, मावशी. चिंध्या तेलानं भिजून चिकट झाल्या की मी त्या सोडून रॉकेलात आणि साबणात धुवायची, तारेवर वाळवायची, पुन्हा बांधायची. त्या दिवशीही बांधल्या. दुपारी बाबा म्हणाले, आज मावशीचं ऑइल ठिणगी बदलेल. ते माझं पहिलं ऑइल. बाबा लांब दारात उभे राहिले, हाताची घडी घालून, जवळही आले नाहीत, माझ्यावर विश्वास आहे हे दाखवायला. मी लाल चिंधीचा डबा उचलला आणि बारीक धार, बाई, बारीक धार म्हणत मापापुरतं ओतलं, उरलेलं डब्यात तसंच राहिलं. दादानं टाळी वाजवली.

पाच महिन्यांनी दादाला एका मुलाखतीचं बोलावणं आलं. घाटापलीकडचं, डोंगरावरचं थंड गाव, पंपांचा कारखाना. नोकरी करायची नाही, आईला वाईट वाटू नये म्हणून जाऊन यायचं, आणि मग कायमचं गॅरेजात, असं त्यानं मला सांगून ठेवलं होतं. त्याला उशीर झाला होता. घाट त्यानं पळवला, दारात गाडी लावली, किल्ली काढली आणि धावत आत गेला. परत येताना अर्ध्या वाटेत मावशीच्या शिळेची किंकाळी झाली, मागं निळा धूर, आणि संध्याकाळी ती दोराला बांधून घरी आली.

बाबांनी दुसऱ्या दिवशी टर्बो खोलला. दांडा जळला होता, तेलाच्या नळीत कोळसा.

‘थांबला होतास?’ बाबांनी विचारलं.

‘नाही.’

‘ज्याला मिनिटभर थांबवत नाही, त्यानं माझ्या हत्यारांना हात लावू नये.’

बाबा आवाज चढवून बोलले असते तर दादा राहिला असता. ते हळू बोलले. आठवड्याभरात तो त्याच नोकरीवर गेला.

त्यांचं ते बोलणं झालं त्याच दुपारी मी फळीवरचा लाल चिंधीचा डबा काढला. का काढला ठाऊक नाही. बोटांना विचारावंसं वाटलं. थेंब घेतला, चोळला, नाकापाशी नेला. पिंपातलं साधं तेल होतं. धुतलेल्या चिंध्या मी उलट्या बांधल्या होत्या. मावशी पाच महिने साध्या तेलावर पळत होती, आणि टर्बोचा ताप न सोसणारं ते तेल रोज थोडं थोडं करपत होतं, रोज नळी थोडी थोडी बुजत होती. दादा त्या दारात तासभर थांबला असता तरी दांडा वाचणार नव्हता.

मी डबा पिंपात रिकामा केला. फळीवरचा एक नवा सीलबंद डबा फोडून त्यात ओतला. कडा पुसल्या. दहा मिनिटं लागली. पुढच्या खोलीत दादा कपड्यांच्या घड्या घालत होता, कपाटाचं दार उघडल्याचं, बंद केल्याचं मला ऐकू येत होतं.

दारात हाताची घडी घालून उभे असलेले बाबा मला पुन्हा तसे दिसायला हवे होते. एवढंच कारण. एवढ्यासाठी.

पुढच्या महिन्यात बाबांनी ब्रश आणि रंग आणला आणि सगळ्या डब्यांवर स्वतः लिहिलं. चिंध्या जाळून टाकल्या. एक सीलबंद डबा कमी आहे हे त्यांना कळलं असेल का, मी कधी विचारलं नाही. त्यांनी भंगारातून एक टर्बो शोधून आणला, मला हाताशी घेऊन बसवला. शीळ परत आली, पण सूर निराळा होता. त्यानंतर काही वर्षांनी, आई गेल्यावर, एकदा आम्ही दोघंच कुठून तरी परत आलो. गाडी उभी राहिली. बाबा समोर बघत म्हणाले, तुला काही सांगायचंय का? मी म्हटलं, नाही. त्यांनी सात वेळा ओळी म्हटल्या, हात किल्लीकडे नेला, मागं घेतला, आणि पुन्हा पहिल्यापासून सात वेळा म्हटल्या. त्या एका दिवशी मावशीला दोन मिनिटं मिळाली.

‘ठिणगे, कुठं हरवलीस? नरसाळं दे,’ दादा म्हणाला.

ओतलं मी. बाबांनी माझ्या हातानं म्हणून सांगितलं होतं. दादानं डबा खालून धरला. दोघांपैकी कुणी ओळी म्हटल्या नाहीत, पण डबा रिकामा झाला तेव्हा दोघांनी एकदमच मान हलवली. तेल मोजायची काडी काढून पाहिली, दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जरा खाली. मग डिझेल पंपाची तार काढून ठेवली, म्हणजे इंजिन पेटणार नाही, नुसतं फिरेल आणि तेल आधी वरपर्यंत चढेल. दादानं किल्ली मारली. मावशी नुसती धापा टाकत राहिली. ऑइलचा लाल दिवा जळत होता. दादा त्याच्याकडे असा बघत होता की मला बघवेना. तिसऱ्या वेळी दिवा विझला.

‘पोचलं,’ तो म्हणाला.

तार जोडली, इंजिन सुरू केलं. खालून बघितलं, कुठं गळत नव्हतं. चढापर्यंत एक चक्कर मारून येऊ म्हटलं. तो चालवायला बसला, मी शेजारी. चढाला मावशीनं शीळ घातली आणि दादा म्हणाला, हिचा आवाज बदललाय. मी म्हटलं, दुसरा टर्बो आहे, भंगारातला. तो म्हणाला, तो जुना आवाज त्याला अजून ऐकू येतो, कारखान्यात एक पंप आहे, सुरू झाला की पहिला क्षणभर तसाच वाजतो, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो त्या बाजूनं चक्कर मारतो. मी खिडकीबाहेर बघत राहिले. रस्त्याच्या कडेला एक बाई भिंतीला रंग देत होती, एक माणूस शिडी धरून उभा होता. परत येताना वळणावर टायरवाल्या काकांनी टायर सोडून हात वर केला.

गॅरेजाच्या दारात दादानं गाडी उभी केली. त्याची बॅग बाकावर तयार होती. किल्लीवर हात ठेवून तो ओठातल्या ओठात म्हणू लागला. बारीक धार, बाई, बारीक धार. मी मोजत होते. तीन. चार.

‘मी अजून थांबतो,’ दादा मध्येच म्हणाला. ‘आमच्या त्या गाडीतही थांबतो. हसते तुझी वहिनी. पण त्या दिवशी थांबलो असतो ना, तर इकडचं सगळं माझं राहिलं असतं. आई, बाबा, हे. तू.’ तो हसला. ‘एक मिनिट गं. एवढंसं.’

इंजिन हलकं हलकं घुरघुरत होतं. समोर आमचं दार. फळीवरच्या डब्यांवर बाबांचं अक्षर, इथून वाचता येईल एवढं ठळक. दादानं उरलेल्या ओळी म्हटल्या. पाच. सहा. सात. त्याची बोटं किल्लीवर वळली, आणि मी हात लांब करून त्याचा हात माझ्या हाताखाली झाकला.

‘बंद करू नकोस,’ मी म्हणाले. ‘तू थांबला असतास तरी ती जळलीच असती, दादा. लाल चिंधीच्या डब्यात साधं ऑइल होतं. चिंध्या धुऊन मी उलट्या बांधल्या होत्या. मला त्याच दुपारी कळलं, मी डबा बदलून ठेवला, आणि तुला जाऊ दिलं.’